खोलीचे घरगुती रंगकाम
खोलीचे घरगुती रंगकाम : राहत्या घरातील भिंती, छत व लाकडी भाग यांना घरातल्या माणसांनी स्वतःच रंग देण्याच्या कामास घरगुती रंगकाम म्हणतात. भिंतीचे धूळ व झीज यांपासून रक्षण करणे, खोलीतील उजेड वाढविणे आणि ती नेत्रसुखद करणे हे त्याचे हेतू होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः झोपण्याच्या खोलीचा विचार केला आहे. या खोलीत माणूस दिवसाचा जवळजवळ एकतृतीयांश काळ, पुष्कळदा दारे-खिडक्या लावून, घालवितो. त्यामुळे रंगाचा वास, भिंतीची ओल, बुरशी आणि जुन्या रंगाची धूळ यांचा उपद्रव तेथे इतर खोल्यांपेक्षा अधिक होतो.

महाराष्ट्रात भिंती शेणमातीने सारविणे, गेरूचा किंवा कावेचा हात फिरविणे आणि चुन्याची सफेदी करणे ही कामे पूर्वापार घरचीच मानली जात. वारली समाजात लग्नप्रसंगी गेरूने लिंपलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची परंपरा आहे. तीही घरच्या भिंतीशी निगडित आहे. १८९६ साली मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा घरे चुन्याने धुऊन काढणे हा सरकारी उपाययोजनेचा एक भाग होता आणि चुन्याचा निर्जंतुक म्हणूनही लौकिक होता. पुढे तैलरंग आणि डिस्टेंपर प्रचारात आल्यावर शहरांत हे काम धंदेवाईक रंगाऱ्यांकडे गेले. इंग्लंड-अमेरिकेत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी महागल्यामुळे व पाण्यात मिसळणारे रंग निघाल्यामुळे ते पुन्हा घरमालकाच्या हाती आले. अमेरिकेतील ग्लिडन कंपनीने १९४८ मध्ये बाजारात आणलेला संश्लिष्ट लॅटेक्सयुक्त रंग या बदलातील एक महत्त्वाचा टप्पा होय. भारतात आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्स या कंपनीसाठी रेखाटलेला, हाती रंगाचा डबा व कुंचला घेतलेला ‘गट्टू’ घरोघरी परिचित झाला. पण त्या चित्रात कुंचला मुलाच्या हाती असला, तरी प्रत्यक्षात तो बहुधा रंगाऱ्याच्याच हाती राहिला.

रंगांचे प्रकार : कोणत्याही रंगात रंगद्रव्य, ते भिंतीला धरून ठेवणारे बंधक आणि दोहोंना प्रवाही करणारे द्रव असे तीन मुख्य घटक असतात. भिंतीला दिल्या जाणाऱ्या रंगांमधील महत्त्वाचा फरक बंधकात असतो. रंग धुता येईल की नाही, किती दिवस टिकेल आणि भिंतीतील ओल बाहेर पडू देईल की नाही, या गोष्टी बव्हंशी बंधकावर ठरतात.

चुन्याच्या सफेदीत वेगळे बंधक लागत नाही. चुनखडी सु. ९००° से. तापमानाला भाजली म्हणजे चुनकळी (कॅल्शियम ऑक्साइड) मिळते व ती पाण्यात विरविली म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. भिंतीवर पसरल्यानंतर ते हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेते आणि त्याचे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनते. म्हणजे भट्टीत फुटलेला दगड भिंतीवर पातळ थराच्या रूपाने परत जमतो. या क्रियेला थोडा ओलावा आवश्यक असतो. तयार झालेला थर सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतील बाष्प त्यातून आरपार जाते. चुना बराच काळ भिजू देऊन तो फडक्यातून गाळतात. सफेदी अंगाला लागू नये म्हणून तीत डिंक किंवा सरस व पिवळसर झाक मारण्यासाठी थोडी नीळ घालतात. एक हात उभा व पहिला ओला असतानाच त्यावर दुसरा आडवा फिरविण्याची रूढ पद्धत चांगली आहे. चुना विरविताना पाणी उकळते व त्याचे थेंब उडतात. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. अशा वेळी डोळे लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत व वैद्यकीय मदत घ्यावी.

साध्या म्हणजे कोरड्या डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी व सरस किंवा केसीन यांसारखे बंधक असते. तो स्वस्त व लावण्यास सोपा आहे, परंतु पाण्याने निघतो. तेलबद्ध डिस्टेंपर काही प्रमाणात पुसता येतो. तैलरंगात जवसासारखे वाळणारे तेल किंवा त्यापासून बनविलेले अल्किड रेझीन असते. त्याचा थर टणक, चकचकीत व धुण्याजोगा असून तो लाकूड व लोखंड यांना उत्तम होय. भिंतीवर, विशेषतः झोपण्याच्या खोलीत, तो टाळलेला बरा. त्याचा वास अनेक दिवस राहतो आणि त्यातून बाष्प बाहेर पडू शकत नाही. प्लॅस्टिक रंग या नावाने ओळखला जाणारा पायस रंग हा ॲक्रिलिकसारख्या बहुवारिकाच्या सूक्ष्म कणांचे पाण्यातील पायस असतो. पाणी उडून गेले म्हणजे हे कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. तो वापरण्यास सोपा व कमी वासाचा असून कुंचलाही पाण्याने धुता येतो. त्यामुळे नवशिक्याने हाच रंग पसंत करावा. मात्र हा पापुद्रा चुन्याइतका बाष्पास मोकळा नसतो.

रंगकामाचा हंगाम : दसरा-दिवाळीच्या आधी घर रंगविण्याची चाल या शेवटच्या मुद्द्यामुळे अडचणीची ठरते. ही चाल चुन्याच्या काळातील आहे व चुन्याच्या बाबतीत ती योग्यच होती. पावसाळ्यात काळवंडलेली भिंत आश्विनात धुऊन तिला सफेदी दिली, की भिंतीतील उरलेला ओलावा चुना पक्का होण्यास उपयोगी पडे आणि बाकीचा थंडीच्या कोरड्या हवेत त्याच थरातून निघून जाई. आता चुन्याच्या जागी प्लॅस्टिक रंग किंवा तैलरंग आला, पण मुहूर्त तोच राहिला. कोकणात व मुंबईत पावसाचा मारा झेललेली बाहेरची भिंत दिवाळीपर्यंत आतून क्वचितच पूर्ण वाळते. तिच्यावर न झिरपणारा पापुद्रा चढविला म्हणजे आतील पाणी अडते आणि उन्हाळ्यात बाहेर येऊ पाहताना रंगाला फुगवटे आणते. ओलीबरोबर विटांतील व गिलाव्यातील लवणे पृष्ठभागाकडे येऊन स्फटिकरूप होतात व लोणा लागतो. रंग हलका निघाला अशी तक्रार यानंतर होते. परंतु पुष्कळ वेळा दोष रंगाचा नसून हंगामाचा असतो. पावसाळी प्रदेशात बाहेरच्या भिंतीच्या आतील बाजूस प्लॅस्टिक रंग द्यावयाचा असेल, तर माघ ते चैत्र हा काळ अधिक चांगला. दिवाळीलाच काम करावयाचे झाल्यास घरातल्या मधल्या, पाऊस न लागणाऱ्या भिंती निःशंकपणे रंगवाव्यात आणि बाहेरची भिंत तपासून मगच ठरवावे.

ही तपासणी सोपी आहे. सु. ३० सेंमी. लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूस पाण्याचे थेंब किंवा धुके जमल्यास ओल भिंतीतूनच येत आहे असे समजावे. खोलीकडच्या बाजूस जमल्यास खोलीतील हवाच दमट आहे. दुसऱ्या प्रकारावर खिडक्या उघड्या ठेवणे व कपाटे भिंतीपासून थोडी दूर सरकविणे हा उपाय पुरतो. पहिल्या प्रकारात गळका नळ, गच्चीचा उतार, खिडकीच्या वरच्या छज्जाची भेग किंवा जोत्यातून वर चढणारी ओल यांचा शोध घ्यावा लागतो. कारण दूर केल्याशिवाय दिलेला ओलप्रतिबंधक रंग काही महिन्यांपुरता डाग झाकतो, एवढेच.

नव्या गिलाव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सिमेंटचा ताजा गिलावा तीव्र क्षारीय असतो. त्यावर तैलरंग दिल्यास क्षाराच्या क्रियेने तेलाचा साबण बनतो व रंग चिकट राहून सुटतो. म्हणून गिलाव्यावर पाणी मारण्याचे काम संपल्यावर तो काही महिने वाळू देणे श्रेयस्कर. तोपर्यंत चुन्याची सफेदी चालते.

भिंतीची तयारी : रंगकामाचा निम्म्याहून अधिक वेळ तयारीत जावा. खोली शक्यतो रिकामी करावी. न हलणारे सामान मध्यभागी आणून झाकावे. खिळे काढावेत, पंख्याच्या पात्यांना कापड बांधावे आणि विजेच्या बटणांच्या पाट्या सैल करण्यापूर्वी मुख्य खटका बंद करावा. ओल्या हाताने, लोखंडी पत्र्याने किंवा पाण्याच्या बादलीसह काम करताना ही काळजी अनिवार्य आहे.

त्यानंतर जुना थर पारखावा. तळहात फिरवून तो पांढरा झाला, तर भिंतीवर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. तो जोराने खरवडून व ओल्या फडक्याने धुऊन काढलाच पाहिजे. त्याच्यावर दिलेला प्लॅस्टिक रंग भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो व पुढे तिच्यासकट पोपड्यांच्या रूपाने गळतो. जुना पायस रंग घट्ट असेल, तर तो काढण्याची गरज नसते. चिकटपट्टीचा तुकडा दाबून लावावा व झटक्याने ओढावा. पट्टीला रंग लागून आला नाही, तर पाया विश्वसनीय समजावा. तेलकट डाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढून भिंत स्वच्छ पाण्याने पुसावी. बुरशी नुसती झाडू नये, कारण तिचे बीजाणू खोलीभर पसरतात. विरंजक चूर्णाचे सौम्य पाणी तीवर लावून काही वेळाने धुवावे. हे पाणी संडास धुण्याच्या अम्लात किंवा अमोनियात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

भेगा टोकदार हत्याराने थोड्या रुंद करून, धूळ झाडून, लांबीने भराव्यात. सिमेंटयुक्त पुट्टी ओलसर केलेल्या भिंतीवर व ॲक्रिलिक पुट्टी कोरड्या भिंतीवर लावतात; ही अदलाबदल झाली, तर थर सुटतो. पुट्टी पातळ थरांत द्यावी. ओबडधोबड भिंत आरशासारखी करण्याच्या हव्यासाने जाड पुट्टी चढविणे ही अलीकडची खर्चिक हौस असून तिच्यात भेगा लवकर पडतात. वाळल्यावर काच-कागदाने घासताना विजेचा दिवा भिंतीलगत तिरका धरला, तर दिवसा न दिसणारे उंचवटे सावल्यांमुळे उठून दिसतात. शेवटी धूळ पुसून अस्तराचा म्हणजे प्रायमरचा एक हात द्यावा. अस्तरामुळे भिंतीची शोषकता सर्वत्र सारखी होते. ते गाळल्यास पुट्टी भरलेल्या जागी रंग मंद व ठिपक्यांसारखा दिसतो.

जुन्या रंगातील शिसे : जुन्या घरात दारे, खिडक्या, गज व कठडे यांवरील तैलरंग घासण्यापूर्वी एका धोक्याचा विचार करणे अत्यावश्यक आहे. शिशाचा सफेता, पिवळ्या रंगातील लेड क्रोमेट आणि लोखंडाला गंज लागू नये म्हणून देण्यात येणारा शेंदूर ही शिशाची संयुगे तैलरंगांत दीर्घकाळ वापरली गेली. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील नेत्रवैद्य जॉन लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंग हे तेथील मुलांच्या शिशाच्या विषबाधेचे कारण असल्याचे दाखवून दिले होते. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९२१ साली इमारतींच्या अंतर्भागातील शिशाच्या सफेत्यावर निर्बंध घालणारा करार संमत केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात यासंबंधीचे नियम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असे बंधन आले. गिब्सन यांच्या इशाऱ्यानंतर येथे शतकाहून अधिक काळ लोटला होता.

यावरून भारतातील त्यापूर्वीच्या तैलरंगाच्या थरात शिसे असू शकते असे धरूनच चालावे. थर अखंड असताना धोका कमी असतो. कोरडा घासला किंवा दिवटीने जाळून काढला, की शिसे धुळीच्या अथवा धुराच्या रूपाने खोलीत पसरते. लहान मुले जमिनीवर रांगतात व हात तोंडात घालतात; त्यांच्या वाढत्या मेंदूवर अल्प प्रमाणातील शिशाचाही परिणाम होतो आणि तो भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणून ज्ञात नाही. म्हणून असा थर घट्ट असल्यास काढू नये. पाण्याने भिजवून जलसह काच-कागदाने हलकेच खरखरीत करावा व त्यावर नवा रंग द्यावा. पोपडे निघत असल्यास पाणी शिंपडत खरवडावे, खाली अंथरलेल्या कागदासकट कचरा गुंडाळावा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने अनेक वेळा पुसावी. नाकातोंडाला बांधलेला साधा रुमाल या धुळीस पुरेसा नाही. सूक्ष्म कण अडविणारा मुखवटा वापरावा. गरोदर स्त्रिया व मुले यांना या काळात घराबाहेर ठेवणे इष्ट. बाळाच्या आगमनाप्रीत्यर्थ खोली रंगविण्याची हौस पुष्कळांना असते. जुन्या घरात नेमके तेच काम मातेने स्वतः करू नये.

रंगाचा हिशोब : ३ मी. रुंद, ३·६ मी. लांब व ३ मी. उंच खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ३९·६ चौ. मी. होते. त्यातून एक दार व एक खिडकी यांचे सु. ३·३ चौ. मी. वजा जाता सु. ३६ चौ. मी. उरतात. चांगल्या तयार केलेल्या भिंतीवर एक लिटर पायस रंग दोन हातांत सु. ५ ते ६ चौ. मी. पुरतो. त्यानुसार भिंतींना सु. ७ लि. व १०·८ चौ. मी. छताला सु. २ लि. रंग लागेल. वेगवेगळ्या दिवशी आणलेल्या डब्यांच्या छटेत किंचित फरक पडू शकतो. म्हणून सर्व रंग एकदमच आणून मोठ्या बादलीत एकत्र ढवळावा.

छटा निवडताना दुकानातील बोटभर नमुन्यावर विसंबू नये. भिंतीवर हातभर लांबी-रुंदीचा तुकडा रंगवून तो सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहावा. पायस रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, तर चुना व साधा डिस्टेंपर वाळल्यावर फिके होतात. चार भिंतींवर एकच रंग परस्परांत परावर्तित होऊन अधिक उठावदार भासतो, म्हणून नमुन्यापेक्षा एक पायरी फिकी छटा घेणे सहसा पश्चात्तापाचे ठरत नाही. लहान खिडकीच्या खोलीत फिकट छटा व पांढरे छत यांमुळे उजेड स्पष्टपणे वाढतो.

रंग लावण्याची पद्धत : काम नेहमी वरून खाली, म्हणजे प्रथम छत, मग भिंती व शेवटी लाकूडकाम, या क्रमाने करतात. चौकटी व काचांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावावी. ही पट्टी रिचर्ड ड्र्यू यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील थ्री एम कंपनीत मोटारींच्या रंगकामासाठी तयार केली होती. रंग पुरता वाळण्याआधीच ती सावकाश काढावी. नंतर ओढल्यास रंगाची कडही तुटते.

रंगात डब्यावर सांगितले असेल तितकेच पाणी घालून तो फडक्यातून गाळावा. सु. ५ सेंमी. रुंदीच्या कुंचल्याने आधी कोपरे व कडा रंगवाव्यात आणि त्या ओल्या असतानाच मधला भाग रोलरने किंवा १० सेंमी. कुंचल्याने भरावा. कुंचला केसांच्या एकतृतीयांशापेक्षा अधिक बुडवू नये. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे वाळू लागलेल्या भागावर पुन्हा हात फिरविणे. त्यामुळे जोडाचे पट्टे कायमचे उमटतात. एक भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता पुरी करावी. जेवणाची सुटी भिंत संपल्यावर घ्यावी, मध्येच नव्हे. पंखा जोरात लावल्यास कडा लवकर वाळून हाच दोष येतो. दोन हातांमध्ये साधारणपणे चार तास व दमट हवेत त्याहून अधिक अंतर ठेवावे. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात केव्हाही सरस. शिडी पूर्ण उघडून सपाट जमिनीवर ठेवावी. खुर्चीवर स्टूल चढवून छत रंगविताना झालेले अपघात रंगाच्या कोणत्याही दोषापेक्षा महाग पडतात.

पायस रंग हाताला तासाभरात कोरडा लागला, तरी तो पूर्ण कठीण होण्यास काही आठवडे लागतात. तोपर्यंत भिंत धुऊ नये व कपाट टेकवू नये. खिडक्या उघड्या ठेवून वास जाईपर्यंत दुसऱ्या खोलीत झोपावे. लाकडाला तैलरंग दिला असल्यास ही मुदत कित्येक दिवसांची धरावी, कारण त्यातील विद्रावकाची वाफ डोकेदुखी व दम्याचा त्रास वाढवू शकते. जवसाच्या तेलाने किंवा तेलात कालविलेल्या रंगाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून देऊ नये. तेल हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते व बोळा आपोआप पेटू शकतो. अशा चिंध्या पाण्यात भिजवून, मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात व मगच टाकाव्यात. उरलेला रंग मोरीत ओतू नये. त्यातील थोडा घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून तिच्यावर छटेचा क्रमांक, खोली व वर्ष लिहून ठेवल्यास पुढे खिळा काढलेल्या जागी डागडुजी करण्यास तो उपयोगी पडतो.